निनावी मुलांसाठी रोझरी

गिरावीन, सिडनी, ९ जुलै २०२१

प्रिय पप्पा,

आधी तुमचा आशीर्वाद मागते. मी बरी आहे. वेस्टमीड हॉस्पिटलला शिफ्ट लांबतात, पण लसीचे दोन्ही डोस झालेत. आईचा खोकला थांबला का? खरं सांगा.

लॉकडाऊनमुळे आमची रोजची रोझरी, जपमाळेची प्रार्थना, झूमवर असते. शेवटी प्रत्येकजण आपापल्या मयतांची नावं घेतो. रविवारी मी म्हटलं, "कॅनडात चर्चच्या शाळांजवळ ज्यांच्या निनावी कबरी सापडल्या, त्या मूलनिवासी मुलांसाठी." रोझरी चालवणाऱ्या कॉस्मास अंकलनी मला तिथेच म्यूट केलं. मग फोन आला, "लविना, प्रार्थनेत पॉलिटिक्स नको. ज्यांची नावंच माहीत नाहीत, त्यांच्यासाठी काय मागायचं?"

"नावं त्यांच्याकडून काढून घेतली, अंकल. इथे ऑस्ट्रेलियातही मूलनिवासी आयांच्या हातातून मुलं अशीच ओढून नेली. त्याच जमिनीवर आपण घरं घेतलीत."

आता मी रोज तेच म्हणते, ते रोज म्यूट करतात.

पप्पा, वादळात आपल्या किनाऱ्याला लागलेल्या त्या अनोळखी माणसाच्या प्रेताला तुम्ही भांडून आपल्या सिमेट्रीत जागा दिलीत. दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या सणाला, पहिली मेणबत्ती त्याची, मग आजोबांची. नाव कुठे विचारलंत?

आजही कॅमेरा चालूच ठेवणार आहे. आवाज बंद केला तरी ओठ दिसतातच.

तुमच्यावर गेलेली,
लविना