डॉक्टरचा फोन

औरंगाबाद, दवाखान्यातून
१९ नोव्हेंबर २०१८

आईच्या अन् आबांच्या पाया पडतो.

पत्र ट्रकवाल्या शहादेवकाकाजवळ देतोय. आबा, तुमीच वाचून दाखवणार, म्हणून सांगतो, मधी थांबायचं न्हाई. आई, आधी कोयता खाली ठेव.

मी झकास हाय. गळ्यावरचं टाकं वाळलं. बाजूच्या पोराला सांगितलं, नारायणगडाच्या जत्रंत अस्वलानं वरबाडलं. दोन दिवस केळी देत व्हता बिचारा. उत्तरेश्वरमामा म्हणला, "लाज वाटू दे बे!" केळी मात्र मामानंबी खाल्ली.

गावात टँकर आठ दिवसाला येतो म्हणं. हिथं नळ हाय. मी दोनदा आंघोळ करतो, एक तुमच्या वाटची.

डॉक्टर म्हणले, "गहिनीनाथ, थायरॉईडचा कॅन्सर मानंतल्या गाठीत गेला तरी बहुतेक सगळी लेकरं बरी होतात. लग्नं करतात, म्हातारी होतात." मी म्हणलं, "लग्नावर काय औषध हाय का?" लई हसले. गोळी तेवढी जलमभर, रोज उपाशीपोटी.

आता आबा, दमानं वाचा.

तुमी ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी मामाच्या फोनवरून डॉक्टर बोलले ना? आयोडीनचा डोस झाला, खुशाल निघा म्हणून? त्यो डॉक्टर मीच व्हतो. मामा चहाला गेलता. ऑपरेशननं माझा आवाज बसलेला, बाप्यावानी घोगरा.

डोस झालाच नव्हता. डोसाआधी दोन आठवडे पुड्यातलं आयोडीनचं मीठ बंद असतंय अन् आई, मी तुझी शेंगदाण्याची चटणी चोरून खाल्ली. डॉक्टरला खरं सांगितलं, त्यांनी तारीख पुढं ढकलली. तुला कळलं असतं तर तू थांबली असतीस. नवरा-बायकू मिळून एक कोयता. एकट्या आबाला मुकादम कशाला नेतो? अन् ट्रक तर वेशीत उभा.

ह्या बारीला आळणी खाल्लं. चटणीचा डबा मामाच्या पिशवीत हाय, वासबी घेतला न्हाई. उद्या डोस. मग काही दिवस खोलीत एकटा, कुणालाच जवळ येऊ देत न्हाईत. म्हणून कारखान्यावरून पळत येऊ नकू. मी बरा व्हणार हाय, हे ह्या बारीला खऱ्या डॉक्टरनं सांगितलंय.

फोनवर तू रडत म्हणली व्हतीस, "साहेब, तुमच्या आईला माझा दंडवत सांगा." मला हसूच आलं न्हाई.

त्यो निरोप माझ्याकडंच राह्यला व्हता. आज पोचता करतो.

आई, दंडवत.

तुझा डॉक्टर,
गैनी