तळघरातलं तीन हजार लिटर पाणी

४ जानेवारी

घर विकायचं म्हणे! हे चहा ढवळता ढवळता बोलले, जणू एखादं जुनं कपाट काढायचंय. लेकीच्या शेजारच्या इमारतीत फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, एक दलालही गाठून ठेवलाय. मी विचारलं, "का?" तर म्हणे, "जिने झेपत नाहीत आता." कोणाला? मी दिवसभर वरखाली करत असते. "तुला नाही गं, मला." आणि पेपर तोंडासमोर. विषय बंद.

बंद? माझ्याशी?

घर दोघांच्या नावावर आहे, माझ्या सहीशिवाय वीट हलणार नाही. पण नुसतं नाही म्हटलं तर हे तोंड पाडून घरभर फिरणार आणि लेक फोन करून करून डोकं खाणार. असं काहीतरी करायला हवं की पुन्हा कोणी विषयच काढायचा नाही.

७ जानेवारी

सुचलं!

मत्स्यालय. तळघरात. बारा फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. किती वर्षांपासून मनात आहे! नोकरीभर पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत अख्ख्या शहराचं पाणी तपासलं मी. मासे कळत नसतील, पण पाणी मला कोणी शिकवू नये. काचा एकेक करून तळघराच्या खिडकीतून उतरवायच्या आणि आतच चिकटवायच्या. एकदा जोडली की टाकी जिन्यातून जायची नाही की खिडकीतून. तीन हजार लिटर पाणी, तीन टन वजन. असलं धूड पोटात घेऊन बसलेलं घर कोण विकत घेतो तेच बघते!

लेक फोनवर म्हणाली, "अगं आई, पण ती बाहेर कशी काढणार?"

म्हटलं, "तेच तर!"

८ जानेवारी

हे: "आणि त्यात ठेवणार काय? देवमासा?"

मी: "तुम्हालाच ठेवते. गप्प तर बसाल."

१५ जानेवारी

काचवाला येऊन मापं घेऊन गेला. माणूस कामाचा, पण तोंडाने वाघ. तळघराची फरशी मोरीकडे उतरती आहे. म्हणाला, "बोटभर उतार आहे काकू, चालतंय." अजिबात चालत नाही! पाणी एका बाजूला जोर करणार, तिथलाच सांधा सुटणार. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना धरली आणि त्याला दाखवला फरक. मग डोकं खाजवून म्हणाला, "कोबा करून घेऊ." घेऊच. त्याच्यावर लोखंडी चौकट, चौकटीवर फळी, फळीवर फोम, मग काच. माझ्या टाकीत "चालतंय" हा शब्द चालणार नाही.

२३ जानेवारी

आज काचा उतरल्या!! समोरची सगळ्यात मोठी. सहा माणसं, काचेला रबरी वाट्यांच्या मुठी चिकटवलेल्या, आणि मी मध्ये उभी राहून आरडाओरडा करतेय. यांना म्हटलं होतं, तुम्ही फक्त त्या कडेला थांबा आणि खांब जवळ आला की ओरडा. एवढंच काम! हे उभे राहिले शांत, देवळातल्यासारखे. काच खांबाला लागायला चार बोटं उरली तेव्हा मीच किंचाळले.

"लक्ष कुठे आहे तुमचं?"

"दिसला नाही."

एवढा मोठा खांब दिसला नाही! विरोधी पक्षात बसलेत ना, दुसरं काय. मी इतकी तापले की माणसांना चहा द्यायचाही विसरले. मग हेच वर जाऊन करून घेऊन आले. अर्धा बशीत होता, पण आणला.

२४ जानेवारी

सांधे भरून झाले. सिलिकॉनच्या वासाने नाक जळतंय. आठवडाभर कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा!

२ फेब्रुवारी

सकाळपासून पाइप लावून बसले. पाणी वीतभर चढलं, मग गुडघाभर, मग कमरेएवढं. काचेआड पाणी चढताना बघायचं सुख काय सांगू! आयुष्यभर पाण्यात क्लोरीन घालत आले, आता काढायचा.

संध्याकाळी बघते तर डाव्या कोपऱ्याखाली ओल! सांधा गेला? माझ्या देखरेखीखाली? गुडघ्यावर बसून पुसलं, वाट पाहिली, पुन्हा पुसलं. पुन्हा ओल. मग वर हात फिरवला तर अख्खी काच ओली, भिंतही ओली. गळती नाही! पाणी गार, तळघराची हवा कोंदट, काचेला घाम सुटलाय. तिथेच फरशीवर बसून एकटीच हसले. उद्या हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून घेते.

हे वरूनच: "फुटली का?"

"नाही! निराश होऊ नका!"

८ फेब्रुवारी

शेजारीण बघायला आली. टाकीभोवती फेरी मारली, वाकून बघितलं, म्हणाली, "मासे लपलेत का?" म्हटलं, अजून आणलेच नाहीत. ती माझ्याकडे असं बघायला लागली की मला सरबत देऊन झोपवावं.

आता कोणाकोणाला सांगू? नवीन लोक इथेच फसतात. पाणी भरलं की त्याच दिवशी मासे सोडतात, आणि मग एकेक उलटा तरंगतो. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो खाणारे जंतू आधी फिल्टरमध्ये वस्तीला यावे लागतात. मी बाटलीतला अमोनिया थेंबाथेंबाने घालून त्यांना पोसतेय. पाणी मुरू द्यावं लागतं. आमच्या घरात मात्र याला "पाण्याचं प्रदर्शन" म्हणतात. म्हणोत.

११ फेब्रुवारी

दलाल आला! गुळगुळीत चेहऱ्याचा, मोजडीसारख्या टोकदार बुटांचा. खोल्या बघताना प्रत्येक ठिकाणी "उत्तम, उत्तम." मग मी स्वतः त्याला तळघरात नेलं आणि दिवा लावला.

"हे... जाणार ना तुमच्याबरोबर?"

"छे! घराबरोबरच."

"आणि यात काय आहे?"

"सध्या नुसतं पाणी."

त्याने एकदाही "उत्तम" म्हटलं नाही. वर जाऊन यांच्याशी कुजबुजला आणि गेला. मी दार लावून तिथेच एक गिरकी घेतली. गुडघा दुखला, पण घेतली. हे मात्र तोंड पाडून जेवायला बसले. वाटी उचलायला गेले आणि पाण्याचा तांब्या कलंडला. मला जरा वाईट वाटलं. जराच.

२७ फेब्रुवारी

परीक्षानळीत अमोनिया शून्य, जंतू वस्तीला आले! दुसरी नळी, तीही शून्य! नोकरीत एवढे नमुने तपासले, पण एकाही नळीला मी कधी पापा दिला नव्हता.

३ मार्च

मासे आले. एंजल, पंख पसरून चालणारे, आणि बारीक चंदेरी माशांचा एक थवा. दुकानाच्या पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, हळूहळू आतलं पाणी मिसळलं, मग सोडले. पहिला एंजल बाहेर आला, थांबला, आणि मालकासारखा निघाला. रडूच आलं मला! खरंच सांगते, डोळे पुसले.

यांना हाक मारली. भिंतीला हात लावत लावत खाली आले, खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसले.

"हा बघ, हा बघ... गेला कुठे?"

"मान वळवा की! बाजूलाच आहे!"

"हां. आला. गेला कुठे?"

मी हसून हसून लोळले. इतका मोठा मासा, आणि हे लहान मुलासारखे शोधतायत.

७ मार्च

रोज संध्याकाळी हे खाली येऊन बसतात. टीव्ही बंद, पेपर बंद. काल विचारलं, "आवडलं ना? कबूल करा." म्हणाले, "खूप. फार छान केलंस." कधी नव्हे ते कौतुक! मी उगाच पंपाकडे जाऊन काहीतरी घट्ट केलं.

१० मार्च

जिंकले!!

हे आपणहून म्हणाले, "राहू दे. नाही विकत घर. तुझा जीव आहे यात." दलालाला माझ्यासमोर फोन करून नाही सांगितलं. लेकीला मीच कळवलं. ती फक्त "बरं" म्हणाली. अगदीच थंड. हरलेल्या पक्षाची, दुसरं काय!

भांडायची केवढी तयारी केली होती मी. सगळी वाया.

१२ मार्च

आज सहज विचारलं, "मग तुमच्या त्या जिन्यांचं काय?" यांनी खुर्ची काचेच्या आणखी जवळ ओढली. मग सांगितलं. डोळ्यांच्या नसा सुकत चालल्यात. कडेचं दिसणं गेलंय, मधलंही जाणार, डॉक्टर म्हणाले उपाय नाही. लेकीला माहीत होतं. "पुढे सगळं तुझ्या एकटीवर नको, ती जवळ हवी. आणि जायचंच तर दिसतंय तोवर जायचं होतं. दारं कुठे, बटणं कुठे, तू कुठे बसतेस, एकदा नीट बघून ठेवलं असतं."

मला का नाही सांगितलं? "तू रडली असतीस. ते बघायचं नव्हतं."

दलालाला मी फोन केला. फ्लॅट अजून आहे. काचवाल्याला सोमवारी बोलावलंय, सांधे कापायला. हे म्हणाले, "रविवारपर्यंत तरी राहू दे गं, बघतो."

रविवारपर्यंत ठेवते.