दोन हातोड्या, एक आवाज

३ जुलै

पत्रकार बाई आली आणि उपेंद्र सरांना कंठ फुटला. ‘बाळाचा मेंदू म्हणजे स्पंज!’ स्पंज! या माणसाला प्रयोगशाळा कुणी दिली? दिसलेलं आणि ऐकलेलं एकाच घटनेचं आहे, हे बाळ महिनोन्‌महिने जुळवत शिकतं. एवढं साधं वाक्य. पण मग फोटो कोण छापणार?

७ जुलै

आज क्षितिज, वय नऊ महिने. डाव्या पडद्यावर एक हातोडी, उजव्यावर दुसरी, वेगवेगळ्या क्षणी आपटणाऱ्या. स्पीकरवर आवाज मात्र एकीचाच. या वयाची बाळं बहुधा जुळणाऱ्या हातोडीकडे जास्त वेळ पाहतात. क्षितिजला दोन्ही सारख्याच.

बाळाला मांडीवर घेणाऱ्या बाईच्या कानांवर हेडफोन, त्यात वीणा. तिने नकळत इशारा देऊ नये म्हणून. मी बाहेर, आवाज बंद करून कॅमेऱ्यावर फक्त डोळे मोजते. नियम माझाच.

आई शशिकला इथली, चेन्नईतल्या वेलचेरीची, बँकेत अधिकारी. तंजावरकडचे मराठी लोक. सर तिला सरळ म्हणाले, ‘गुरुवारी परत असंच आलं, तर नोकरीचा विचार करा. अशा मुलाला आई पूर्णवेळ लागते.’ डॉक्टर नाही, काही नाही! ती तिथेच रडायला लागली. मी घड्याळ पाहिलं. रडून आकडे बदलत नाहीत.

१० जुलै

क्षितिजची दुसरी फेरी. बरोबर आजी, राजसबाई. ‘मी घेते मांडीवर.’ घ्या. तिसऱ्या मिनिटाला बाईंनी हेडफोन काढून बाजूला ठेवले! मी दार उघडलं.

‘अय्यो, हातोडी पडून जाते, मग वाजते गं. पोरानं बघायचं कुठे?’

‘आजी, हेडफोन काढायचे नाहीत, असं सांगितलं होतं.’

‘एवढं शिकलीस, आत येऊन एकदा ऐक की!’

सत्तरीची बाई मला यंत्र शिकवणार. फेरी रद्द केली, त्यांना बाहेर बसवलं, शशिकलाला आत घेतलं. निकाल पहिल्यासारखाच. जाताना राजसबाई माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाल्या, ‘चल. इथे कान कुणाला नाहीत.’

११ जुलै

क्षितिजचा अहवाल शशिकलाला पाठवला. सही माझी.

१५ जुलै

आणखी तीन बाळं अगदी क्षितिजसारखी. तीन! एका आठवड्यात! संशय आला तो सरांवर — सॉफ्टवेअरला हात लावला असणार. पडद्याला सेन्सर चिकटवला, स्पीकरजवळ माइक, दोन्हींच्या वेळा ताडायला ऑसिलोस्कोपला जोडले.

आवाज चारशे दहा मिलिसेकंद उशिरा.

सरांनी कशालाच हात लावलेला नाही. बाळं वायर ओढतात म्हणून जूनअखेरीस बिनवायरचा स्पीकर मी लावला. जुन्याचा उशीर मोजला होता — बारा. नव्याचा मोजला नाही. नोंदवहीत ‘तपासले’ ही खूण आधीपासून होतीच, तीच पुढे चालू ठेवली. इतका उशीर कुणालाही ऐकू आला असता. पण आया हेडफोनमध्ये, मी दाराबाहेर. ऐकणारं मोठं माणूस एकच आलं, त्याला मी खोलीबाहेर बसवलं.

१६ जुलै

सकाळी दहाला शशिकलाला फोन केला. चूक माझी, सरांची नाही. दोन्ही निकाल रद्द. क्षितिजविषयी आम्हाला काहीही कळलेलं नाही, असं सगळं नीट सांगितलं. ती म्हणाली, ‘अक्का, राजीनामा सोमवारी मंजूर झाला.’