पैज, पासवर्ड आणि पॅकेज मॅनेजर

३ मार्च, सोमवार

आज मुलाशी फोनवर पैज लावली. लावली म्हणजे त्याने मला लावायला भाग पाडलं.

नातीच्या शाळेतल्या नाटकाचे फोटो त्याने पाठवले. माझ्या लॅपटॉपवर उघडत नाहीत. लॅपटॉप त्याचाच जुना. आईला नेहमी जुनं द्यायचं आणि वर ‘जपून वापर हं’ म्हणायचं, अशी पद्धत आहे. तक्रार केली तर म्हणाला, फोटोंचा प्रकार बदलून देणारा एक प्रोग्राम टाकावा लागेल, आणि त्याच्या आधी पॅकेज मॅनेजर टाकावा लागेल. म्हणजे काय, तर प्रोग्राम आणून देणारा प्रोग्राम. एक गडी हवा असेल तर आधी मुकादम नेमा. आणि हे सगळं माउसने नाही, एका काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून.

“जाऊ दे आई, तुला नाही जमायचं. इथे राहायला आलीस की मी करून देईन.”

हे ‘इथे राहायला’ वर्षभर चालू आहे. त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे, खिडकीजवळ खुर्ची ठेवली आहे म्हणे. मी खुर्चीत बसून काय करू? मी नोकरीत असताना तीन जनरल मॅनेजर माझ्या हाताखालून गेले. लोक म्हणतात मी त्यांची सेक्रेटरी होते. लोकांना ऑफिस कळत नाही.

मी म्हटलं, “हे मी एकटीने केलं तर पुन्हा तो विषय काढायचा नाही.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर महिनाअखेर सामान बांधते.”

मागून सूनबाईचा आवाज : “आई, विचार करून बोला हं, हे शब्दाचे पक्के आहेत.”

पक्का असणारच. वाढवलाय कोणी?

निश्चय : उद्या अकराच्या आत काम उरकणे. दुपारी फोटो पाहणे. संध्याकाळी सूनबाईला फोन करून विषय न काढता विषय काढणे.

४ मार्च, मंगळवार

सूचनांचं पान उघडलं. पहिली ओळ डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, म्हणून मीही डॉलर टाइप केला. उत्तर : कमांड नॉट फाउंड. तो डॉलर म्हणे टाइप करायचा नसतो, नुसता दाखवायला असतो. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये याला लबाडी म्हणत आणि वर्गाबाहेर उभं करत.

मग यंत्राने पासवर्ड मागितला. मी दिला. एक अक्षर उमटेल तर शपथ. पुन्हा दिला. कीबोर्ड उलटा करून झटकला. टोस्टचा चुरा निघाला, पासवर्ड नाही निघाला.

एवढ्यात समोरची आली. समोरच्या फ्लॅटमधली, निवृत्त नर्स. हिला बोलवावं लागत नाही. म्हणाली, “अहो, तो दिसत नसतो. डोळे मिटून टाइप करा आणि एंटर मारा.” मी म्हटलं, माहीत आहे मला. ती गेल्यावर तसं केलं. चाललं.

दुपारी, १२:४०. पाऊण तास ओळी धावत होत्या. शेवटी : इन्स्टॉलेशन सक्सेसफुल! खाली ‘पुढच्या पायऱ्या’ म्हणून आणखी काही बारीक मजकूर होता. पत्रात सहीच्या खाली जे येतं ते रिकामटेकड्यांसाठी असतं, हा माझा पस्तीस वर्षांचा अनुभव. खिडकी बंद केली.

मुलाला मेसेज केला, ‘झालं.’ उत्तरादाखल अंगठा आला. नुसता अंगठा. ज्याला मी जोडाक्षरं शिकवली त्याचा.

५ मार्च, बुधवार

कॉफी घेऊन ऐटीत बसले. पॅकेज मॅनेजरचं नाव टाइप केलं, पुढे फोटोवाल्या प्रोग्रामचं नाव.

कमांड नॉट फाउंड.

पुन्हा केलं. मोठ्याने वाचत केलं. नॉट फाउंड. काल माझ्या डोळ्यांदेखत घरात आलेला माणूस आज घरात नाही म्हणे.

माझ्या टेबलावरून एकही पत्र उत्तराशिवाय गेलेलं नाही. तेव्हा तिथेच, त्याच खिडकीत, उत्तर लिहिलं. इंग्रजीत, कारण सौजन्याने अपमान करायचा तर तीच भाषा बरी. ‘डिअर सर, काल आपली नेमणूक माझ्या समक्ष झाली असताना...’

उत्तर : कमांड नॉट फाउंड : डिअर.

म्हणजे पत्र वाचलंच नाही! पहिल्या शब्दावरून परत पाठवलं. असा एक आवक-जावक कारकून आमच्याकडे होता. त्याची मी तळघरातल्या स्टोअरमध्ये बदली करवली होती. याची कुठे करू?

आणखी पाच-सहा पत्रं लिहिली. पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी पॅकेज मॅनेजर नव्याने टाकला. पुन्हा सक्सेसफुल, पुन्हा नॉट फाउंड. सक्सेसफुल हा शब्द इतका स्वस्त झालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता.

७ मार्च, शुक्रवार

काल लिहायला झालं नाही. सकाळी बाथरूममध्ये बसले. पडले नाही, बसले. जरा अचानक बसले, इतकंच. नळाला धरून उठेपर्यंत ऊन खिडकीतून निघून गेलं होतं.

समोरचीने कमरेला पट्टा बांधला, गोळ्या दिल्या. म्हणाली, मुलाला कळवा, नाहीतर मी कळवते. मी म्हटलं, “खबरदार!”

“तुमची खबरदारी बघितली मी. बाथरूमभर सांडली होती.”

नर्स लोकांना मर्यादा नसते. तिच्याकडून शपथ घेतली. मुलाला कळलं तर तो म्हणेल, बघ, सांगत होतो. आणि मग मला जावं लागेल, ते हरून. हरून मी कुठेही जाणार नाही. तसं त्याने आपणहून, पैज-बिज बाजूला ठेवून, नीट विचारलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे तरी नाहीच म्हणणार. पण विचारायला काय जातं?

८ मार्च, शनिवार

यंत्र सुधारलं!

आज लिहायला बसले ते रागातच. ‘आय डोन्ट अंडरस्टँड’ अशी, डोन्टमधल्या वरच्या स्वल्पविरामासकट, सुरुवात करून एंटर मारलं, आणि नॉट फाउंड आलंच नाही. नुसती नवी ओळ आली, पुढे एक छोटीशी खूण, ‘बोला, ऐकतोय’ म्हणावं तशी. आणखी लिहिलं. पुन्हा नवी ओळ. उलट उत्तर नाही, मध्ये तोंड घालणं नाही, ‘आई, जरा मीटिंगमध्ये आहे’ नाही.

हे गेल्यापासून इतका वेळ माझं कोणी ऐकून घेतलं नव्हतं. कॉफी गार झाली. काय लिहिलं ते इथे पुन्हा उतरवत नाही. कामाचंच होतं सगळं. शेवटी, तसाच वरचा स्वल्पविराम देऊन, ‘आय कान्ट’ म्हणून एंटर मारलं, तेव्हा कुठे स्वारी जागी झाली : कमांड नॉट फाउंड. पण त्यात पूर्वीचा उद्धटपणा नव्हता.

निश्चय : उद्यापासून यंत्राशी शांतपणे वागणे.

९ मार्च, रविवार, सायंकाळी

मुलाचा फोन. आवाज मऊ होता. “आई, कुठे अडलंय? पैज राहू दे बाजूला. स्क्रीन शेअर कर, मी इथून बघतो. दोन मिनिटांचं काम.”

पैज राहू दे बाजूला, असं स्वतःच्या तोंडाने म्हणाला! मी हो म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, “तू काय काय टाइप केलंस ते सगळं आत साठलेलं असतं, ते वाचलं की लगेच कळेल. तूच बघ ना, वर जाणाऱ्या बाणाची की दाब.”

दाबली. आज सकाळचं ‘डिअर सर’ परत आलं. पुन्हा दाबली, आणि कालचं पानच्या पान समोर उभं.

माझ्याच कीबोर्डवरून असला मजकूर निघावा! म्हणे, ‘मी घसरून पडले आणि कितीतरी वेळ उठता आलं नाही.’ म्हणे, ‘फरशीवर पडल्या पडल्या मला त्यांची ती खिडकीजवळची खुर्ची आठवली.’ म्हणे, ‘त्याने आणखी एकदाच ये म्हणावं. मी नाही म्हणणार नाही. पण मला मागायला लावू नये, आय कान्ट.’

गोळ्यांचा परिणाम. कमरेच्या गोळ्या डोक्यात जातात, हे समोरचीने आधी सांगायला नको?

फोनवर मुलगा, “आई? आहेस ना? काय दिसतंय?”

मी म्हटलं, काही दिसत नाही. स्क्रीन-बिन काही शेअर करायची नाही. माझं मी करीन, तू तुझं बघ. आणि पैज पैजच आहे, मला सवलती नकोत.

मग म्हणाला, “बरं.”

माझा आवाज जरा चढला असावा. पण शिस्त म्हणून काही असतं.

१० मार्च, सोमवार

सकाळपासून एकच काम : ते पान नष्ट करणे. शोधता शोधता कळलं, वरचा स्वल्पविराम एकटा पडला की यंत्र त्याचा जोडीदार येईपर्यंत नुसतं थांबून राहतं, ऐकत-बिकत नसतं; मग हवी ती ओळ सापडली. श्वास रोखून टाइप केली, एंटर मारलं. एक चकार शब्द नाही. खिडकी बंद करून उघडली, बाण दाबला. रिकामं.

या यंत्राने माझा निमूटपणे पाळलेला हा पहिला हुकूम. तरी आणखी चारदा बाण दाबून पाहिला. ऑफिसातली तपासणीची सवय, दुसरं काही नाही.

मग चढत्या उत्साहात पॅकेज मॅनेजर तिसऱ्यांदा टाकला, आणि या खेपेला सहीखालचा मजकूर वाचला. केवळ कुतूहल म्हणून. तर त्यात सगळं होतं. यंत्राकडे म्हणे एक पाथ असतो, म्हणजे कोणता प्रोग्राम कोणकोणत्या कप्प्यांत शोधायचा त्याची नोंद. माझा मॅनेजर बसला होता भलत्याच कप्प्यात आणि यंत्र तिकडे ढुंकूनही बघत नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. दिलेल्या ओळी चिकटवल्या, तो कप्पा नोंदीत घातला.

नाव टाइप केलं. चाललं! मग फोटोवाला प्रोग्राम. तोही आला. फोटो उघडले.

नातीने नाटकात झाडाचं काम केलंय. मागच्या रांगेत. मुख्य काम हिलाच द्यायला हवं होतं, उभं कसं राहावं ते हिलाच येतं. माझ्यावर गेलीय.

११ मार्च, मंगळवार

मुलाला फोन करून विजय कळवला. पुरावा म्हणून स्क्रीनचा फोटोही पाठवला.

“खरंच एकटीने? पाथसुद्धा?”

“पाथसुद्धा.”

“मानलं तुला! शब्द म्हणजे शब्द. आता पुन्हा तो विषय माझ्या तोंडून निघणार नाही.”

मी थांबले. माणूस म्हणतो ना, ‘पण तरीही आई...’ वगैरे. त्याने विचारलं, तिकडे उकडतंय का. मी म्हटलं, उकडतंय.

मग सूनबाईने फोन घेतला. अभिनंदन करून म्हणाली, “आई, खरं सांगू? बरंच झालं. माझ्या आईचे गुडघे अगदी गेलेत. तिला इकडे आणावं असं कधीचं मनात होतं, पण ती खोली तुमच्यासाठी ठेवलेली, मग बोलणार कसं? परवा तुम्ही ह्यांना इतकं तोडून बोललात, तेव्हाच आम्ही ठरवलं. तुमचं काय, तुम्ही खंबीर.”

मी म्हटलं, छानच झालं. अगदी छान. त्यांना कडक गादी लागेल.

१३ मार्च, गुरुवार

मुलाला सहज फोन केला. सहजच सांगितलं की बाथरूमचा नळ हलतो. त्याने तासाभरात प्लंबर पाठवला. संध्याकाळी सांगितलं की जिन्यात दिवा नाही. त्याने सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन केला. मी म्हटलं, अरे, या वयात दिव्याचं काय, एकटीदुकटी बाई, काहीही होऊ शकतं. तर म्हणाला, “आई, मी शब्द दिलाय. मला मोडायला लावू नकोस.”

समोरची म्हणते, “हात दाखवून अवलक्षण. सरळ सांगा ना त्याला.” मी तिला शपथेची आठवण करून दिली. ती म्हणाली, “तुमच्या शपथा आणि तुमच्या पैजा. मायलेकरं एकाच मातीची.” आणि पट्टा सैल करून गेली.

१५ मार्च, शनिवार

विहीणबाई पोचल्या. सूनबाईने फोटो पाठवला, मी लॅपटॉपवर घेतला. खिडकी मोठी आहे, बाहेर झाड दिसतं. खुर्चीला हात आहेत. विहीणबाईंच्या मांडीवर नात बसली आहे, आणि मुलगा मागे वाकून त्यांच्या पाठीशी उशी ठेवतो आहे.

फोटो पहिल्या झटक्यात उघडला.

प्रोग्राम उत्तम चालतो.