भवानी पेठ नव्हे, गडचिरोली

सोलापूर, ७ ऑक्टोबर २०२४

ती. अप्पांना दानेश्वरीचा शि. सा. नमस्कार, शरणु शरणार्थी.

मडिवाळप्पाकाका शहरात दूध घालून वळसंगला परत निघालेत, त्यांच्या हाती हे देते. माझ्या सुकन्याला झटके आले तेव्हापासून ती डोळे उघडत नाही. इथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी हेच विचारलं, की गेला महिनाभर कुठे राहत होता. मी खरं सांगून टाकलं, की गडचिरोलीला, रस्त्याच्या कामावर, नवऱ्याच्या तंबूत. लगेच रक्त तपासलं. मलेरिया निघाला, डोक्यात गेलाय.

गावच्या डॉक्टरांना हे का नाही सांगितलं, असं त्या म्हणाल्या. काय सांगू? मी शिवयोगींशी भांडून त्यांचा तंबू सोडून आले हे गावाला कळू नये, म्हणून तुम्ही भवानी पेठेतल्या सासरहून आली म्हणालात आणि मीही शेजारी गप्प उभी राहिले. त्यांनी साधा ताप समजून औषध दिलं. त्यात दिवस गेले. वय लहान, अंगात रक्त कमी, साखर सारखी उतरते, त्यात झटके आणि वर हा उशीर. एवढं सगळं एकत्र आलं की पोरं हाताला लागत नाहीत, असं बाई स्पष्टच बोलल्या.

शिवयोगींचा फोन लागत नाही. इथे प्रत्येक खाटेभोवती चार माणसं आहेत. मला चहाला जायचं तरी शेजारणीला लक्ष ठेवायला सांगावं लागतं. अप्पा, फार एकटं वाटतंय. तुम्ही या.

माया असू द्या.
तुमची,
दानेश्वरी


वळसंग, ८ ऑक्टोबर

चि. दानव्वास अप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कालच निघणार होतो, पण कुठं निघालास म्हणून लोक विचारतील, या भीतीनं घरातच बसलो. तुझी अव्वा असती तर तिनं मला चांगलं फैलावर घेतलं असतं. घर खायला उठतंय. पोरगी उंबऱ्यावर बसून म्हशीला हाका मारायची, ती म्हैसपण नीट दूध देईना.

आज सकाळी मात्र डॉक्टरांकडे गेलो आणि बाहेर बसलेल्या माणसांसमोर सगळं सांगितलं, तू कुठून आलीस आणि का आलीस. एकानंही तुला नाव ठेवलं नाही. डॉक्टर मात्र, आधी बोलायचं की मल्लिनाथअण्णा, एवढंच म्हणाले.

मडिवाळप्पा संध्याकाळचं दूध घेऊन येतोय, त्याच्याकडे भाकरी आणि शेंगाचटणी दिलीय. रडायला लागलीस की जेवण सोडायची तुझी लहानपणची खोड मला माहीत आहे, ती तिथं काढू नको. उद्याच्या पहिल्या गाडीनं येतो. नातीला सांग, अज्जा निघालाय.

जीव सांभाळ.
अप्पा


सोलापूर, ८ ऑक्टोबर, संध्याकाळी

ती. अप्पांना नमस्कार.

काकांनी तुमचं पत्र हातात दिलं तेव्हा नर्सबाई सुकन्याच्या हातातली सुई काढत होत्या. रक्त चढवलं होतं, साखर दिली होती, डॉक्टरीणबाई शेवटपर्यंत धडपडल्या. ती गेली, अप्पा.

तुमचा निरोप तरीही मी तिच्या कानात सांगितला.

आता तुम्ही येऊ नका, मीच तिला घेऊन येते. शेतात अव्वाशेजारी जागा करून ठेवा. तुमच्यावर रागवावं की नाही, ते मला आज कळत नाही. रागवायला तरी दुसरं कोण आहे मला.

काका फोन लावून देत होते. पण तुम्हाला ऐकू कमी येतं, आणि ही गोष्ट सगळ्या वॉर्डासमोर ओरडून सांगायला माझं तोंड उघडेना. म्हणून लिहितेय.

तिच्या वाटणीची मायापण आता माझ्यावरच करा.
तुमची,
दानेश्वरी