लाल दोरीची पिशवी

१ सप्टेंबर, रविवार
युनिव्हर्सिटीच्या संशोधक बाई आल्या होत्या. चष्मेवाली, काडीसारखी. तिनं दोन वह्या दिल्या, एक भरली की दुसरी घ्या म्हणाली. रोज लिहायचं: गायीनं काय खाल्लं, दूध किती, काही वेगळं घडलं का. दिवसाला सहा ओळींची जागा. सहा ओळींत माझं काय होतंय? म्हणून ती वही त्यांची आणि ही माझी. ही कोणी वाचायची नाही.

तर विषय असा की गायी ढेकर देतात, त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो आणि त्यानं जग तापतं. मी विचारलं, तुम्ही ज्या जीपमधून आलात ती काय अत्तर सोडते? हसली. खोकल्यासारखं हसते. म्हणाली, आजी, तीही तापवते, पण माझा विषय गाय आहे. असू दे. गाडीला जाब विचारायची हिंमत नाही, मग गरीब गायीला धरायचं.

पण मी होकार दिला. कारण मुलाला आणि सुनेला माझी ठमी विकायची आहे. गोठा पाडून तिथे गाडी ठेवायची आहे. मी चष्मेवालीकडून मुद्दाम मुलासमोर वदवून घेतलं. ट्रायल आठ आठवडे. नीट पार पडली तर पुढची फेज दोन वर्षांची, लांबच्या एका विद्यापीठाबरोबर कोलॅबोरेशन, आणि त्यातली गाय मध्येच विकता येत नाही, करारच तसा. मुलाचं तोंड असं झालं, जसं चहात मीठ पडलंय. गाय गेली तर मी सकाळी उठू कशाला? सुनेच्या टीव्हीसमोर लोणच्यासारखी मुरायला?

एकच खोट. त्यांना शेजारशेजारच्या दोन गायी हव्यात. म्हणजे पलीकडची धाकटी जाऊ आली. अकरा वर्षं आम्ही बोलत नाही. वाटणीच्या वेळी पाणी पाजायची दगडी डोण तिनं माझ्या डोळ्यांदेखत नेली, आणि वर म्हणाली, जड आहे हो. कागदावर वरच लिहिलं होतं, सहकार्य. मी माझं नाव इतकं मोठं लिहिलं की तिला कोपऱ्यात लिहावं लागलं.

संकल्प: डॉक्टरांनी बीपीसाठी सांगितलंय. उद्यापासून रागवायचं नाही.

२ सप्टेंबर, सोमवार
रागवायचं नाही ते उद्यापासून.

सकाळी पिशव्या आल्या. दोन्ही सारख्या. आतला रंगही सारखा, वासही सारखा. एकीत समुद्रातल्या शेवाळाची पूड, तिनं ढेकरेतला वायू कमी होतो. दुसरीत नुसता कोंडा. कोणती कुठली ते सांगणार नाहीत, कळलं तर आपल्या वागण्यात फरक पडतो म्हणे. माझ्या वागण्यात! अठ्ठावन्न वर्षं मी कोणासाठी वागणं बदललं नाही.

लाल दोरीची धाकटीच्या गायीला, पांढऱ्या दोरीची ठमीला. दोन्ही मधल्या खोलीत खुंटीला टांगायच्या. ती खोली वाटणीत सामाईक राहिली, दोन्ही घरांकडून दार आहे. दर सोमवारी नव्या पिशव्या येणार, मंगळवारपासून त्या चारायच्या.

लाल दोरी कोणी उगाच बांधतं का? पांढरं म्हणजे काही नाही. मी चौथी शिकले आहे, आंधळी नाही. धाकटीनं चष्मेवालीला चहा पाजला होता, तो असा फळला.

दुपारी साडेतीन
धाकटी दोन ते चार झोपते. घोरते. भिंतीतून ऐकू येतं. मी दोऱ्या बदलल्या. लाल होती तिला पांढरी, पांढरी होती तिला लाल. आता खरी पूड माझ्याकडे. ही चोरी नाही. दुरुस्ती.

५ सप्टेंबर, गुरुवार
ठमीच्या गळ्यात डबा अडकवला, नाकाशी नळी. दिवसभराचा श्वास त्यात साठतो, मग तो डबा प्रयोगशाळेत जातो. दर गुरुवारी. एरवी गोठ्यात नाक दाबून येणारी आमची सून आज फोटो काढायला धावली. ठमीला हार घातल्यासारखं वाटलं असेल, मान वळवून वळवून बघत होती.

पुडीचा गुण दोन दिवसांत दिसला. अंगावर तकाकी. डोळे पाणीदार. मी स्टूल टाकून घड्याळ लावून तासभर ढेकरा मोजल्या. चार. आधी किती होत्या ते मोजलं नव्हतं, पण चारपेक्षा जास्तच असणार. नाहीतर चष्मेवाली काय इतक्या दूरवरून उगाच आली होती?

९ सप्टेंबर, सोमवार
बदलल्या. त्यांच्या वहीत लिहिलं: काही वेगळं नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार
लांबच्या विद्यापीठाचा उंच माणूस फोनच्या पडद्यावर आला. उंच आहे हे पडद्यावरही कळतं, कपाळ वरून कापलं गेलं होतं. अंगणात दोन खुर्च्या, मी या टोकाला, धाकटी त्या टोकाला, मध्ये चष्मेवाली फोन धरून, त्याचं बोलणं मराठीत सांगत. तो म्हणाला, तुम्ही दोघी नुसत्या शेतकरी नाही, आमच्या पार्टनर आहात. मी मान हलवली. मुलाला ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणायला लावलं.

मग त्यानं विचारलं, पार्टनर आपापली निरीक्षणं एकमेकींना सांगतात ना? मी म्हटलं, हो, रोज. धाकटीही त्याच क्षणी म्हणाली, हो, रोज. अकरा वर्षांत पहिलं एकमत, तेही खोटं.

२४ सप्टेंबर, मंगळवार
विचित्र. मी निरगाठ मारते. लहानपणापासून निरगाठच. आज सकाळी पिशवीला सुरगाठ होती. उंदीर झाले आहेत त्या खोलीत.

उंदीर सुरगाठ मारत नाहीत हे मला कळतं. पण उंदराशिवाय तिथे येणार कोण?

३० सप्टेंबर, सोमवार
मुलानं टेप घेऊन आलेला माणूस सरळ गोठ्यात घातला. गाडी मागून घ्यायची की पुढून, यावर दोघं ठमीच्या शेपटीपाशी उभे राहून बोलत होते. ठमीनं योग्य तिथे शेण टाकलं. पार्टनरची गाय आहे, समज आहे तिला.

मी मुलाला ऐकवलं. तू गाडी आणशील, धूर सोडशील, आणि ढेकरेचा हिशोब माझ्या गायीनं द्यायचा? तो म्हणाला, आई, आठ आठवडे संपू दे. म्हणजे उडवून लावलं. दूध पिऊन मोठा झाला, आता पाकिटातलं आणतो.

पिशव्या बदलल्या. बीपीची गोळी दोनदा घेतली.

१४ ऑक्टोबर, सोमवार
दाढ. रात्रंदिवस ठणका. मुलगा दवाखान्यात घेऊन गेला, दुपारी दोन ते चार त्या खुर्चीत आडवी. डॉक्टर पोरगेला, तोंडात दोन्ही हात घालून मला विचारतो, दुखतंय का. उत्तर कशानं देऊ?

घरी आले तर धाकटी उठून अंगण झाडत होती. पिशव्या बदलायच्या राहिल्या. या आठवड्यात ठमीच्या नशिबी कोंडा. दाढेपेक्षा ते जास्त दुखतंय.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
हा बघा फरक. तीन दिवस कोंडा खाल्ला तर गाय उतरली. केस राठ. नजर मरगळलेली. तासात ढेकरा अकरा, अकराच्या अकरा मोठ्या. आणि धाकटीची मुकी, जी जन्मात कधी हंबरत नाही, ती खरी पूड खाऊन ताठ मानेनं उभी.

याला निरीक्षण म्हणतात. यासाठी चष्मा लागत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार
बदलल्या. शेवटचा आठवडा. आठातले सात आठवडे खरी पूड माझ्या गायीला, म्हणजे नंबर माझाच. फेज टूचा बोर्ड लावतील तेव्हा खिळा कुठे मारायचा ते ठरवून ठेवलं. मुलाच्या खिडकीसमोर.

४ नोव्हेंबर, सोमवार
पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. रागानं. वयानं नाही.

चष्मेवाली निकाल घेऊन आली. दोन्ही घरं अंगणात. सीलबंद पाकीट सगळ्यांसमोर फोडलं. खरी पूड लाल दोरीत, पहिल्यापासून. म्हटलं, बघा! मग म्हणाली, धाकट्या आजींच्या मुकीचा वायू पाव हिश्शानं उतरला, अभिनंदन. मोठ्या आजींच्या ठमीचा जिथल्या तिथे. फक्त सातव्या आठवड्यात दोघींचं उलटं झालं, त्याचं कोडं सुटत नाही.

धाकटीनं पदर सावरला. तो ज्या तऱ्हेनं सावरला ना, त्यानं माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, तिच्या मुकीनं कोंडा खाल्ला! दर सोमवारी दोऱ्या मी बदलत होते! लाल पिशवी माझ्या ठमीच्या पोटात गेली, मशीन तपासा तुमचं!

मग धाकटी उठली. माझ्याकडे न बघता चष्मेवालीला म्हणाली, संध्याकाळी ही दूध काढायला बसली की दोऱ्या मी बदलत होते. हिला नेहमी चांगलं ते मिळतं, पांढरीतच खरी असणार, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

म्हणजे मी बदलायची आणि ती परत जागेवर आणायची. आठ आठवडे.

मुलगा हसायला लागला, पार भिंत धरून बसला. चष्मेवाली हसली नाही. तिनं चष्मा काढून पुसला, खूप वेळ पुसला. म्हणाली, आजी, बारा जोड्या होत्या माझ्याकडे. कोणी काय खाल्लं याची खात्री नसेल तर तुमची जोडी बाद. फेज टू नाही.

जीप फाटकाबाहेर पडायच्या आत मुलानं व्यापाऱ्याला फोन केला. शनिवारी येतोय.

उंदीर नव्हते.

५ नोव्हेंबर, मंगळवार
सगळा दोष धाकटीचा. मी एकटी बदलत असते तर सगळं व्यवस्थित झालं असतं.

ठमीला धुतली. व्यापाऱ्यासाठी नाही. उगाच.

६ नोव्हेंबर, बुधवार
चष्मेवालीचा फोन. रात्रभर आकडे बघत बसली होती म्हणे. म्हणाली, आजी, कोणत्या सोमवारी बदललं आणि कोणत्या नाही, हे त्या त्या दिवशी कुठे लिहिलेलं असेल तर अजून काही करता येईल. त्या उंच माणसालाही दाखवता येईल. तुम्ही कुठे लिहून ठेवलं होतं का?

मी म्हटलं, छे.

दुपारी ही वही पहिल्यापासून वाचली. अक्षर चांगलं आहे. मजकूर कडक आहे. संध्याकाळी मीच फोन केला. म्हटलं, समजा, एखादीनं लिहिलं असेल आणि त्यातली चारदोन पानं फाडून दिली तर? म्हणाली, मग तो पुरावा राहत नाही. सगळी वही, जशी आहे तशी.

शनिवारला तीन दिवस. गोठ्यात जाऊन ठमीला विचारलं. तिनं ढेकर दिली.

७ नोव्हेंबर, गुरुवार
दिली.

चष्मेवालीला माझं अक्षर लागेना. मुलगा म्हणाला, हिला लागतं, आणि सुनेला पुढे केलं. सुनेनं अंगणात खुर्ची घेतली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. काडीसारखी. खोकल्यासारखं हसते. नाक दाबून येणारी सून, इथे ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि आणखी मोठ्यानं पुढे गेली. धाकटी समोर बसून ऐकत होती. उंच माणूस पडद्यावर होता, त्याला चष्मेवाली प्रत्येक ओळ त्याच्या भाषेत सांगत होती. घोरते म्हणजे काय, हे त्यानं दोनदा विचारलं. धाकटीनं त्याला करून दाखवलं नाही एवढंच.

मग दाढेचा सोमवार आला आणि चष्मेवाली ताडकन उठली. त्या सोमवारी मी बदलल्या नाहीत आणि धाकटीनं बदलल्या. म्हणजे तोच एक आठवडा ठमीनं खरी पूड खाल्ली. आणि मशीन सांगतंय, त्याच आठवड्यात ठमीचा वायू पाव हिश्शानं उतरला. अशी अदलाबदल आम्ही मुद्दाम केली असती तर याहून चांगली जमली नसती, असं तो उंच माणूस म्हणाला.

सुनेनं ते पान पुन्हा वाचलं. केस राठ, नजर मरगळलेली, अकराच्या अकरा मोठ्या. कोणी सांगितलं नव्हतं पुन्हा वाचायला. मग चष्मेवालीनं पानापानाचे फोटो काढले आणि वही मला परत दिली.

आमची जोडी फेज टूमध्ये आहे. मुलानं व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलं, दार लावून, हळू आवाजात. अट एकच. मधल्या खोलीला एकच दार ठेवणार, त्याला दोन कुलपं, एक किल्ली माझ्याकडे, एक धाकटीकडे. रोज सकाळी सातला दोघींनी मिळून उघडायचं. कोणती पिशवी कोणाची ते यावेळी चष्मेवालीलाही ठाऊक नसणार.

मला आहे. वजनावरून कळतं.

११ नोव्हेंबर, सोमवार
मी पावणेसातलाच गेले, तिला उशीर झाला असं म्हणता यावं म्हणून. ती आधीच उभी. किल्ली हातात धरून, जणू मीच झोपाळू.

दोन्ही कुलपं उघडली. पिशव्या घेतल्या. मी वळले तेव्हा बोलली. अकरा वर्षांनी. वाटलं डोणीचं काढते आहे, मी तयारीतच होते. तर म्हणाली, दाढ काढायला गेली होतीस हे मला कळवायचंस ना, मीही त्या सोमवारी हात लावला नसता.

डोणीवर माझ्याकडे अकरा वर्षांची उत्तरं तयार आहेत. दाढेवर एक नाही. मी नुसतं हूं केलं आणि आले.

डावीकडची वरची दाढ हलते आहे. तारीख ठरली की तिला सांगावं लागणार. संशोधनासाठी. दुसरं काही नाही.