नावं ठेवलेल्या गाई

४ मार्च

शेवटी मलाच पाठवलं! एवढ्या मोठ्या पशुनोंदणी कार्यालयात दुसरं कुणी मिळालं नाही. "तुमचंच गाव, तुमचीच माणसं," म्हणे. माझी माणसं! बारा वर्षं त्या घराचा उंबरा ओलांडला नाही, तो काय उगीच?

काम असं — डोंगरावरच्या या बुटक्या, काळ्या तोंडाच्या गाई वेगळी जात म्हणून वहीत चढल्या, तर गायरान त्यांना राहील. नाही चढल्या तर 'गावठी' असा शिक्का, आणि गायरान दगडाच्या खाणीला. पट्टीवाले साहेब शिंगं, वशिंड, शेपूट मोजणार. मी गाईंमागे फिरायचं आणि पाळणारा एकेकीविषयी काय म्हणतो ते शब्दशः उतरवून घ्यायचं. पाळणारा म्हणजे माझा बाप. असे गुरं सांभाळणारे तेवढेच उरलेत.

५ मार्च

बाबांनी मला पाहिलं. "आलीस? वाळलीस." झालं बारा वर्षांचं स्वागत! मग साहेबांकडे वळून, "ही आमची धाकटी. कामाची नाही, पण लिहिता येतं तिला."

पट्टीवाले साहेब गाईला मागून भिडले. लाथ खाल्ली. कार्यालयात हे तज्ज्ञ! वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

६ मार्च

दिवसभर गोठ्यात. चाळीस गाई, आणि बाबांच्या तोंडून धड शब्द निघेल तर शपथ!

"ही तांबडी?" — "खादाड. नुसती आडवी वाढलीय."

"ती उंच शिंगांची?" — "मारकी. शिंगं तेवढी पाहून घ्या."

"आणि ही कपाळावर पांढरा ठिपका असलेली?" — "चांदी? रडी आहे. पान्हा चोरते. आज ना उद्या भाकडच व्हायची."

कौतुक फक्त दोघींचं. एक बांडी, एक भुंडी. "फार गुणी हो! नेता का, साहेब?"

मी सगळं लिहून घेतलं. खोटं कशाला सांगू, लिहिताना बरंच वाटत होतं. मी काय वेगळं ऐकलं जन्मभर? सातवीत वसतिगृहाच्या बाई मला न्यायला आल्या, तेव्हा हा माणूस अंगणात उभा राहून म्हणाला, "हिच्यात काही राम नाही, बाई. थोरल्याला न्या, तो गुणी आहे." गुणी! दादा तेव्हा दहावीला तिसऱ्यांदा बसत होता. बाईंनी माझे मार्क पाहिले होते म्हणून सुटले. नाहीतर आज शेणच काढत बसले असते.

७ मार्च

साहेबांनी पुन्हा लाथ खाल्ली. त्याच गाईची!

८ मार्च

साहेबांनी माझी वही चाळली. "चाळीसपैकी अडतीस निकामी. पाळणाराच सांगतोय, मग मी शिफारस कशाची करू? परवा अहवाल जाईल."

दादा इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसला होता. म्हणतो, खाण आली तर मुकादम होईन. घरच्या पाण्याची घागर कधी उचलली नाही, आणि हा दगड फोडून घेणार!

बाबांना अहवालाचं सांगितलं. चांदीच्या पाठीवरच्या गोचिड्या काढत राहिले. मला इतका राग आला! उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आता गायरान जाईल तेव्हा?

९ मार्च

सकाळी आत्याबरोबर धारा काढायला बसले. रडी म्हणे चांदी! चरवी भरून फेस बाहेर आला. मारकी म्हणे ती उंच शिंगांची! तिच्या पोटाखाली आत्याची मांजर झोपली होती. आणि गुणी बांडी? आत्या हसायला लागली, "आठ वर्षांत एक वेत नाही तिला."

"मग बाबा असं का सांगतात?"

"अगं, चांगल्याला चांगलं म्हणायचं असतं का? पूर्वी मोठे लोक यायचे, जी चांगली दिसेल ती दावणीची सोडून न्यायचे. तुझ्या आज्याच्या चार गाई अशा गेल्या. तेव्हापासून रीतच पडली. जी गेली तरी चालेल, तिलाच गुणी म्हणायचं."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? गुरांत वाढलेल्याला कळतंच की."

मला नाही कळलं. मी शिकलेली ना!

१० मार्च

साहेबांना ही रीत सांगितली, पण ते अडून बसले. "नोंद मी बदलणार नाही. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं." बाबांना दोन तास समजावलं. शेवटी गोठ्यात उभे राहिले. मी पेन उघडलं. त्यांनी चांदीच्या पाठीवर हात ठेवला. तोंड उघडलं, मिटलं. कपाळावर घाम. दाराकडे पाहिलं, जणू कुणी दावं सोडायला येतंय.

"बरी आहे," म्हणाले. मग खूप वेळाने, "गरीब आहे. दुधाला चांगली आहे." एवढं बोलून खालीच बसले.

अशा अडतीस गाई. संध्याकाळ झाली. एवढं कठीण काम मी कुणालाही करताना पाहिलेलं नाही. साहेबांनी विचारलं, "तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?" मी कालपासून मोजलेल्या धारांचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एकेक आकडा ताडून पाहिला आणि नव्या नोंदीखाली सही केली.

२९ मार्च

जात वहीत चढली. गायरान राहिलं!

३० मार्च

बाबांना ही बातमी द्यायला साहेब आणि मी गेलो. निघताना साहेब खुशीत होते. बाबांना म्हणाले, "मुलगी हुशार आहे हो तुमची! हिला आता राजधानीच्या कार्यालयात न्यायचं म्हणतोय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे.

"ही? छे! हिच्यात काही राम नाही, साहेब. थोरल्याला न्या. तो गुणी आहे."